लग्न दोन दिवसांचं, माझी ताकद तासाभराची. कसं जमवू?

पडीक

भाचीचं लग्न सव्वा महिन्यावर आलंय. सख्ख्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्ट्या लागल्या की तिचा मुक्काम माझ्याकडेच असायचा. "जमणार नाही" असं एका ओळीत कळवून मोकळं होता येत नाही, आणि "येते" म्हणायला अंगात त्राण नाही. म्हणून इथे विचारते.

आजार एमई, म्हणजे मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणूनही ओळखतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की फटका तिथल्या तिथे बसत नाही. बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी बसतो, आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे तो चालतो. अंग ठणकतं, घसा धरतो, उजेड डोळ्यांत टोचतो, साधं वाक्य पुरं करायला शब्द सापडत नाहीत. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही. शिवाय उभं राहिलं की नाडी पळायला लागते. त्यामुळे दहा पावलं चालणं एक वेळ परवडतं, पण रांगेत दहा मिनिटं उभं राहणं नाही परवडत.

गंमत अशी की कार्यक्रमात मी छान दिसते. आदल्या दिवशी केस धुतलेले असतात, कारण केस धुणं आणि घराबाहेर पडणं एकाच दिवशी होत नाही. हात डोक्याच्या वर धरून केस पुसायचे म्हणजे अर्धे पुसून पलंगावर आडवं व्हायचं आणि मग उरलेले. जायच्या दिवशी सकाळपासून बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, पडदे लावून पडून राहायचं. एवढं केल्यावर जी बाई तिथे पोचते ती हसते, बोलते, लोकांची विचारपूस करते. लोक म्हणतात, "अरे वा, बरी झालीस की!" आणि तिसऱ्या दिवशी मी संडासपर्यंत भिंत धरून जाते, तेव्हा बघायला कोणीच नसतं. पुढच्या वेळी "नाही जमत" म्हटलं की उत्तर तयार असतं: "त्या दिवशी तर चांगली होतीस."

दोन दिवसांत मिळून तीन कार्यक्रम आहेत. आदल्या संध्याकाळी गाणीबजावणी, दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न आणि त्याच संध्याकाळी रिसेप्शन. हॉल घरापासून गाडीने पाऊण तासावर. तिन्हींना जाणं शक्यच नाही, त्यावर खल नको. पण एक निवडायचा तर कोणता? आणि व्हीलचेअर घ्यावी का? मला चालता येतं, हीच तर पंचाईत आहे. ज्या नातेवाइकांनी मला स्वयंपाकघरात उभी पाहिलंय, त्यांच्यासमोर खुर्चीत बसून जायचं म्हणजे नाटक वाटणार. अजून एक, निघायचं कसं? निरोप घेण्यातच माझा अर्धा तास जातो, आणि तोही उभ्याने.

ज्यांचा आजार वेगळा आहे त्यांनीही सांगा. "सकारात्मक राहा" एवढं सोडून काहीही चालेल.

---

सावलीवाला

मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा आजार. खुर्चीबद्दल सांगतो, कारण बाकीचं इतर लोक सांगतील.

घ्या. लोक बोलतील. चालत गेलात तरी बोलणारच आहेत, मग निदान बसून ऐका.

मलाही चालता येतं. काही दिवस बरं, काही दिवस काठीने, आणि गर्दीच्या ठिकाणी खुर्ची. एका समारंभात मी खुर्चीतून उठून खुंटीवरचा कोट काढला, तर मागून एक काका म्हणाले, "चमत्कार झाला!" मी म्हटलं, "हो, रोज होतो, संध्याकाळी पुन्हा बघायला या." त्यानंतर ते माझे चांगले मित्र झाले, ते जाऊ द्या. मुद्दा हा की चष्मा लावणाऱ्याला कोणी "म्हणजे तू पूर्ण आंधळा नाहीस तर" असं म्हणत नाही. खुर्चीच्या बाबतीत लोकांना दोनच खाने माहीत आहेत, आणि त्यांना तिसरा शिकवण्याची जबाबदारी लग्नाच्या दिवशी तुमची नाही.

आता कामाचं. हॉलवाल्यांना "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारू नका, ते हो म्हणतात. गाडी जिथे थांबते तिथून बसायच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारा. लिफ्ट असेल तर त्या दिवशी ती सामानाला लावणार आहेत का ते विचारा. संडासाच्या दाराची रुंदी टेपने मोजून घ्यायला सांगा. मुख्य दारातून थाटात आत गेलो आणि संडासाच्या दारात खुर्ची अडकली, हा अनुभव मी घेतलाय. एमएसमध्ये लघवीची घाई ही नेहमीची तक्रार असते, त्यामुळे माझं सगळं नियोजन त्या दारापासून सुरू होतं.

खुर्ची कोण ढकलणार हे आधी ठरवा, आणि तो माणूस तुमच्याबरोबर घरी जाणारा असू दे. नाहीतर होतं काय, तुमचा सारथी गप्पांत रंगतो आणि तुम्ही खांबाजवळ लावलेल्या स्कूटरसारखे उभे. एकदा फोटोच्या चौकटीत येत होतो म्हणून एका फोटोग्राफरने मला न विचारता बाजूला सरकवलं. तेव्हापासून ब्रेक लावून बसतो.

आणि जागा: पाठ भिंतीला लागेल अशी. मागून कोणी खांद्यावर थाप मारली की वळून बघण्यात, कोण ते ओळखण्यात केवढी ताकद जाते हे धडधाकट माणसाला कळत नाही.

---

पडीक

सावलीवाला, टेपची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. आभार. नावावरून विचारते, तुम्हाला उन्हाचा त्रास आहे का? मला स्टेजवरच्या दिव्यांची भीती आहे, म्हणून.

---

सावलीवाला

उष्णतेचा. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी माझी नजर अंधुक होते आणि डावा पाय ओढतो. नसांवरचं आवरण झिजलेलं असलं की उष्णतेत संदेश आणखी अडखळतात. श्रमानंतर नजर तात्पुरती अंधुक होते हे उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय, त्यामागे उष्णता आहे हे नंतर कळलं. पुढे कित्येक वर्षं तर निदानासाठी माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे, लक्षणं वाढली तर एमएस! अंग थंड झालं की नजर परत येते, त्यामुळे मी घाबरत नाही, पण स्टेजवर चढत नाही. तुम्हाला उजेडाचा त्रास असेल तर गॉगल घाला आणि नवरानवरीलाच खाली बोलवा. खाली येतात. उलट त्यांनाही पाय मोकळे करायला निमित्त मिळतं.

---

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडतो. सख्ख्या भाचीचं लग्न आयुष्यात एकदाच होतं. आजार आहे हे मान्य. पण माणूस ठरवलं की दोन दिवस निभावून नेतो. माझ्या आईचे गुडघे गेलेले असताना ती माझ्या लग्नात दिवसभर उभी होती. आतापासून रोज थोडं थोडं चालणं वाढवत नेलं तर सव्वा महिन्यात स्टॅमिना येईल. घरात पडून राहिलं की शरीरालाही तीच सवय लागते. आणि नातेवाईक शेवटी कोण आलं आणि कोण नाही हेच लक्षात ठेवतात, हे कडू असलं तरी खरं आहे.

---

पडीक

राग नाही. हे मला घरातूनही ऐकायला मिळतं, तेव्हा एकदा नीट लिहिते.

दोन दिवस निभावून नेणं मला जमेल. खरंच जमेल. निभावून नेताच आलं नसतं तर प्रश्नच मिटला असता. अडचण नंतरची आहे. तुमच्या आईचे गुडघे त्या दिवशी दुखले असतील, दुसऱ्या दिवशीही. माझ्या आजारात पेशींना शक्ती पुरवणारी व्यवस्थाच बिघडलेली दिसते. एमईच्या रुग्णांची सलग दोन दिवस सायकलवर तपासणी करून पाहिली आहे. निरोगी पण व्यायाम नसलेली माणसं दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच काम करतात. एमईच्या रुग्णांमध्ये दुसऱ्या दिवशीची क्षमता खाली आलेली आढळते. म्हणजे कालच्या श्रमाने आजचं भांडवलच कमी होतं. यात मनाचा निर्धार कुठे घुसवायचा ते मला समजलेलं नाही.

थोडं थोडं वाढवत नेण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत तो होता. २०२१ च्या नव्या सूचनांत त्यांनी एमईसाठी ठरावीक दराने वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नका असं लिहिलं आणि आहे त्या मर्यादेत राहून ताकद वापरण्यावर भर दिला. तेव्हा सव्वा महिन्यात स्टॅमिना कमवायला निघाले तर लग्नाच्या दिवशी मी अंथरुणातून फोनवरच लग्न बघेन.

नातेवाईक हजेरी लक्षात ठेवतात, हे मात्र शंभर टक्के मान्य.

---

गोळ्यांचा डबा

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. आमच्याकडे पार्किन्सन्स आहे. त्यामुळे आमचा कार्यक्रम पत्रिकेवरच्या वेळेने नाही, गोळीच्या वेळेने ठरतो.

लेव्होडोपाची गोळी घेतली की यांना सुरू व्हायला साधारण पाऊण तास लागतो, मग काही तास चांगले, मग उतार. आजार जसा जुना होतो तसा हा चांगला काळ आखूड होत जातो. म्हणून मी उलटा हिशोब करते: कोणत्या क्षणी यांनी तिथे "चालू" असायला हवं? त्याच्या आधी गोळी, त्याच्या आधी प्रवास. जेवण त्या वेळेत येऊ देत नाही, कारण प्रथिनं आणि हे औषध शरीरात शिरायला एकाच वाटेने जातात आणि गर्दी होते. लोक आग्रह करतात, "थोडं तरी खा." यांच्या ताटाकडे बघून मी नाही म्हणते आणि सगळ्यांना वाटतं बायको काय खाष्ट आहे! वाटू दे.

आमच्याकडे खरी फजिती दारात होते. हॉलच्या उंबऱ्याशी येऊन पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागे माणसं खोळंबतात, कोणीतरी मदत म्हणून दंड धरून ओढतं, आणि मग तर ते पडायलाच येतात. घाई आणि लोकांच्या नजरा यांनी ते आणखी वाढतं. ओढायचं नाही. मी पुढे होऊन जमिनीवर माझं पाऊल आडवं ठेवते आणि म्हणते, "हे ओलांडा." ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. किंवा "एक, दोन, एक, दोन" असं हळू म्हणते. मेंदूचा आपोआप चालण्याचा रस्ता बंद पडला तरी मुद्दाम चालण्याचा रस्ता उघडा असतो, असं आमच्या फिजिओथेरपिस्टने समजावलं होतं. म्हणून आम्ही आता सगळ्यांच्या आधी जातो. हॉल रिकामा, दार मोकळं, बसलो की बसलो.

तर पडीकताई, तुमच्यासाठी माझं मत: कार्यक्रम निवडू नका, माणूस निवडा. तुम्हाला भाचीला भेटायचंय की तीनशे लोकांना? रिसेप्शनला ती तुमच्या वाट्याला रांगेतली वीस सेकंदं येणार. सकाळी ती तयार होत असते तेव्हा खोलीत चार माणसं असतात आणि तिला बसूनच राहावं लागतं. तुम्ही शेजारी आडव्या पडलात तरी चालेल. त्या वेळी जा.

---

पडीक

हे वाचून थोडा वेळ नुसतीच बसले. आडवी, अर्थात.

मी तिन्हींतला कोणता कार्यक्रम एवढाच विचार करत होते. कार्यक्रमाच्या आधीची वेळ हाही पर्याय आहे हे सुचलंच नाही. तिथे गाणी नाहीत, दिवे नाहीत, उभं राहायचं नाही. ओळखी द्यायच्या नाहीत. शिवाय सकाळ ही माझी त्यातल्या त्यात वाईट वेळ आहे, पण ती आदल्या रात्री हॉलजवळ मुक्काम करून सांभाळता येईल. पाऊण तासाचा प्रवास आदल्या दिवशी दुपारी, आडवं पडून. मग मधे अख्खी रात्र.

---

बॅकस्टेज

यजमानाच्या बाजूने लिहिते. माझ्या धाकट्या भावाला हृदयाचा आजार आहे आणि माझ्या मुलाच्या लग्नात आम्ही त्याची सोय केली होती.

यजमानाला मोघम सांगू नका. "माझी तब्येत बघते आणि कळवते" हे ऐकलं की मला काय करायचं ते कळत नाही, फक्त काळजी लागते. "मला दार बंद होणारी खोली, एक पलंग आणि सकाळी आठ ते नऊ एवढा वेळ हवा" असं सांगितलं की मी ते यादीत लिहिते आणि विसरून जाते. लग्नघरात यादीतलं काम होतं, यादीबाहेरचं राहून जातं.

आम्ही भावासाठी मागची खोली ठेवली होती. पलंग घातला, पंखा बघितला, बाटलीभर पाणी ठेवलं. भाऊ दमून खोलीत गेला तर पलंगावर आहेराची खोकी छतापर्यंत! कोणाला तरी ती "रिकामी खोली" दिसली होती. तेव्हा खोलीला कुलूप आणि किल्ली तुमच्याकडे. बहिणीकडे नाही, तिच्याकडे त्या दिवशी पन्नास किल्ल्या असतील.

दुसरं, तुमच्या वतीने बोलणारा एक माणूस ठेवा. आमच्याकडे माझी नणंद होती. कोणी विचारलं, "मामा कुठे?" की ती म्हणायची, "भेटून गेले, आत्ता आराम करताहेत." इतकंच. आजाराचं नाव नाही, स्पष्टीकरण नाही. लोकांना तेवढं पुरतं, पुढचा प्रश्न जेवणाचा असतो.

---

स्पष्टवक्ता

सायकलवरच्या तपासणीचं मला माहीत नव्हतं, त्यामुळे स्टॅमिन्याचा मुद्दा सोडून देतो. पण सकाळी येऊन मुख्य लग्नाला न थांबणं तुमच्या बहिणीला खटकेल, एवढं सांगतो. सगळे विचारणार, मावशी कुठे. तिला वाईट वाटणारच.

---

पडीक

वाटेल. त्याला इलाज नाही, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मी पुढचा महिना अंथरुणात काढला तर ते तिला चालेल असंही मला वाटत नाही. फक्त तिला तो महिना दिसत नाही. म्हणून या वेळी आधीच सांगायचं ठरवलंय, आणि फोनवर नाही, लिहून. फोनवर ती रडते, मी विरघळते आणि तिन्ही कार्यक्रमांना हो म्हणून बसते.

तुम्हा सगळ्यांचं वाचून हा मेसेज तयार केलाय. बघा बरं:

"ताई, मी लग्नाला येतेय. आदल्या दिवशी दुपारीच येऊन हॉलच्या जवळ मुक्काम करेन, पण संध्याकाळच्या गाण्यांना येणार नाही. लग्नाच्या सकाळी आठ वाजता पिल्लू तयार होत असेल त्या खोलीत येईन आणि नऊपर्यंत थांबेन. मला तिथे आडवं पडायला एक पलंग किंवा गादी लागेल, आणि खोलीत मोठ्याने गाणी नकोत. मी व्हीलचेअरवर येईन. घाबरू नकोस, पाय गेलेले नाहीत, ताकद वाचवायला आणतेय. नऊनंतर मी मुक्कामी परत जाईन. मुहूर्ताच्या वेळी कोणीतरी मला व्हिडिओ कॉल लावून द्या, मी पडून बघेन. रिसेप्शनला नाही. मी तिथे चांगली दिसेन आणि तुला वाटेल थांबली असती तर काय बिघडलं असतं. बिघडतं ते दोन दिवसांनी, तू तुझ्या घरी असतेस तेव्हा. मला पिल्लूला नीट भेटायचंय, म्हणून ही वेळ मागतेय. कोणी विचारलं तर 'सकाळीच भेटून गेली' म्हण. बाकी काही सांगू नकोस."

मोठा झालाय का? "घाबरू नकोस" ठेवू की काढू?

---

गोळ्यांचा डबा

ठेवा. "मी तिथे चांगली दिसेन" पासून "तुझ्या घरी असतेस तेव्हा" पर्यंतचं तर अजिबात काढू नका, सगळ्यात गरजेचं तेच आहे. एक वाढवा: परतीची गाडी कोणाची आणि किती वाजता. नाहीतर नऊ वाजता गाडीची चावी असलेला माणूस नेमका हार आणायला गेलेला असतो.

---

बॅकस्टेज

आठ ते नऊ म्हणजे मेकअपवालीची वेळ असू शकते, खोलीत ते मोठे पांढरे दिवे लागतात. भाचीला थेट विचारून ठेवा की दिवे कधी बंद असतील. आणि लग्नानंतरचे चार-पाच दिवस तुमच्या घरी कोण आहे? त्याचीही सोय आताच लावा.

---

पडीक

दिव्यांची बरी आठवण केलीत, गॉगल आणि कानात घालायचे बोळे दोन्ही पिशवीत टाकते. नंतरच्या दिवसांसाठी नवऱ्याने रजा टाकलीय, डबा लावतोय, आणि आठवडाभर कोणाचा फोन मी घेणार नाही हे आईलाही सांगून झालंय.

गाडीचं वाक्य घालून मेसेज पाठवला. ताईच्या दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही अजून. भाचीला वेगळा पाठवला होता, तिचं आलं: "मावशी, साडेसातलाच ये, मेकअपवाली आठला येतेय. आणि गादी माझ्या शेजारीच टाकायला सांगते."

सावलीवाला, भाड्याच्या खुर्चीला मान टेकायला काही मिळतं का, की ते वेगळं सांगावं लागतं? साध्या खुर्चीची पाठ खांद्याखालीच संपते आणि माझी मान फार वेळ उभी राहत नाही.

---

सावलीवाला

वेगळं सांगावं लागतं. उंच पाठीची आणि मागे कलणारी असं दोन्ही सांगा, नुसतं "उंच पाठ" म्हटलं तर सरळ फळी पाठवतात. कलणारी खुर्ची लांब असते, तेव्हा गाडीच्या डिकीत मावते का ते आधी बघा. आणि आणल्यावर घरात अर्धा तास बसून बघा, लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी.